कार्तिकात तोडा, मृगाआधी शाकारा

मागच्या अंकात कुडाच्या, म्हणजे बांबू-काटक्या विणून लिंपलेल्या, भिंतींवर लिहिलं, त्यानंतर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं शाळांबद्दलची निघाली. म्हणून या वेळी फक्त शाळेच्या इमारती. पहिल्या पत्राला मी बराच वेळ दिला आहे, कारण त्यात पुढच्या बऱ्याच जणांची उत्तरं आहेत.

आमची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत आहे. एकवीस मुलं, आम्ही दोघं शिक्षक. मे महिन्यातल्या वादळात एका खोलीचे पत्रे उडाले. उरलेल्या खोलीत पाऊस सुरू झाला की पत्र्याच्या आवाजात शिकवलेलं ऐकू येत नाही. वाडीत बांबूची बेटं भरपूर आहेत, जांभ्याची खाण जवळ आहे. व्यवस्थापन समितीत बांबूची खोली बांधायचा विषय निघाला, पण एक अभियंता म्हणाले, "बांबू म्हणजे कच्चं बांधकाम, मंजुरी मिळायची नाही." काय करावं?
*मुख्याध्यापिका, संगमेश्वर तालुका*

बाई, पत्र्याच्या आवाजाचं तुमचं वाक्य वाचून मला माझी शाळा आठवली. आषाढात आमचे गुरुजी बोलणं सोडून द्यायचे आणि फळ्यावर लिहीत राहायचे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शाळा जूनमध्ये सुरू होते तीच त्या पावसात. पहिलीतलं मूल अक्षर ओळखायला शिकतं ते नेमकं याच महिन्यांत, आणि तेव्हाच बाईंचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही. छपराचा प्रश्न हा शिकण्याचाच प्रश्न आहे.

आधी मंजुरीचं. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत, सहाव्या भागात, बांबूच्या बांधकामाला स्वतंत्र जागा आहे. बांबूच्या रचनेचं गणित कसं करायचं यासाठी आयएस १५९१२ हे भारतीय मानक आहे, त्याची सुधारित आवृत्ती २०१८ ची. बांबूवर प्रक्रिया कशी करायची त्यासाठी आयएस ९०९६ आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात 'सर्व ऋतूंत वापरता येईल अशी इमारत' म्हटलं आहे. ती सिमेंटचीच हवी असं तिथे कुठेही नाही. त्यामुळे 'नियमात बसत नाही' हे उत्तर मान्य करू नका. संरचना अभियंत्याकडून नकाशा आणि हिशेब करून घ्या, त्यावर मानकांचे क्रमांक घालायला सांगा, आणि तो कागद घेऊन बांधकाम विभागात जा. तोंडी विचारलं तर तोंडी नकारच मिळतो.

पण त्या अभियंत्यांची शंका निराधार नाही, हेही सांगते. बांबूची कच्ची बांधकामं मी पाहिली आहेत. एक मी स्वतः केलं आहे.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शाळेसाठी बांबूच्या छपराची खोली करायची होती. पैसे फेब्रुवारीत मंजूर झाले आणि मार्चअखेर खर्ची पडायला हवे होते. मी वखारीतून मिळेल तो बांबू उचलला. कधी तोडला, किती वर्षांचा, काही विचारलं नाही. वरून वॉर्निश मारलं, फोटो छान आले. दिवाळीनंतर शाळेत गेले तेव्हा दुसरीतली एक मुलगी पहिल्या रांगेत गणितं सोडवत होती. दोन ओळी लिहायची आणि बाहीने वही पुसायची. पुन्हा दोन ओळी, पुन्हा पुसायची. वहीवर पिवळसर पीठ पडत होतं. बाईंना तो खडूचा चुरा वाटत होता. मी वर पाहिलं तर वाशांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं, शेकड्यांनी. वर्ग सुटल्यावर खोलीत एकटी उभी राहिले तेव्हा करकर ऐकू आली. भुंग्याने वासे आतून खाल्ले होते. पुढच्या उन्हाळ्यात सगळं छप्पर उतरवलं आणि नव्याने केलं. त्या मुलीची वही पुसायची लकब मला अजून दिसते.

तिथून मला जे कळलं ते एवढंच: बांबूचं बांधकाम कच्चं होतं ते घाईने. बांबूच्या कांडात साखर आणि पिष्ट असतं, भुंगा येतो तो त्यासाठी. म्हणून बांबूचं पंचांग वेगळं आहे आणि आपल्या अंदाजपत्रकाचं वेगळं. पैसे येतात माघ-फाल्गुनात. बांबू तोडायला हवा कार्तिक-मार्गशीर्षात, पाऊस सरल्यावर आणि पालवी फुटायच्या आत. मग तो औषधात मुरवायचा (औषध शेवटच्या पत्राच्या उत्तरात दिलं आहे), सावलीत महिना-दीड महिना सुकवायचा, फाल्गुन-चैत्रात उभारणी करायची आणि मृग लागायच्या आत छप्पर शाकारून मोकळं व्हायचं. यातला एकही टप्पा पुढचा मागे करता येत नाही. पैसे फेब्रुवारीत आले तर त्या वर्षी जोतं आणि भिंती करा. बांबू पुढच्या कार्तिकात. मधला पावसाळा काढायला भिंतींवर तात्पुरतं झाकण घाला. समितीला हे पटवणं हेच तुमचं सगळ्यात मोठं काम आहे.

आता खोली. सगळी खोली बांबूची करू नका. जांभा जवळ आहे ना, मग जोतं आणि भिंती चिऱ्याच्या, छप्पर बांबूचं आणि वर मंगळुरी कौलं. चांगल्या चिऱ्याला बाहेरून गिलावा लागत नाही, दर्जा मारल्या, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे भरले, की पुरतं. कौलांच्या खाली बांबूच्या तट्ट्या बसवा. पाऊस कौलावर पडतो, तट्टी उरलासुरला आवाज गिळते आणि उन्हाळ्यात डोक्यावर झळ येत नाही.

जोतं किती उंच हवं हे पुस्तकात शोधू नका. तुमच्या जुन्या खोलीची बाहेरची भिंत पाहा. पागोळ्यांनी उडालेल्या तांबड्या चिखलाची एक रेघ तिथे असेल. ती मोजा, वर अर्धा फूट धरा. बांबू त्या उंचीच्या खाली कुठेही येता कामा नये. आणि खांब जमिनीत पुरायचा तर अजिबात नाही. चिऱ्याच्या किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर लोखंडी पट्टीने धरायचा. पुरलेला खांब दोन-तीन पावसाळ्यांत बुडाशी मऊ पडतो, वरून धडधाकट दिसत असला तरी.

वरची बाजू सांभाळायला आपल्याकडे इरल्याइतका चांगला नमुना नाही. लावणी करणाऱ्या बाईच्या पाठीवरचं इरलं बघा: बांबूच्या काड्यांचं, पानांनी शाकारलेलं, आणि अंगापेक्षा मोठं. पाणी अंगावर न येता लांब गळतं. खोलीचं छप्पर तसं हवं, भिंतीच्या बाहेर तीन-चार फूट आलेलं.

इथे मात्र तुमच्या उडालेल्या पत्र्यांची आठवण ठेवायची. बाहेर आलेली वळचण वारा धरते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरला धडकलं, तेव्हा रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी शाळांची छपरं गेली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. वारा छप्पर खाली दाबत नाही, वर उपसतो. बांबूचं छप्पर हलकं, म्हणून ते बांधून ठेवायची जबाबदारी जास्त. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून सुटं करा, म्हणजे पडवी गेली तरी वर्ग राहील. दोन पाखी छपरापेक्षा चौपाखी बरं, उतार तीस अंशांच्या आसपास. आणि जोत्यातून निघालेली लोखंडी सळई भिंतीतून वर जाऊन वाशापर्यंत पोचली पाहिजे, मध्ये कुठे तुटता कामा नये. कडेच्या ओळींतली कौलं तारेने बांधा.

बांबूत खिळा ठोकू देऊ नका. बांबू लांबीने ओढला तर फार ताकदवान, पण उभा चिरायला अगदी सोपा, खिळा त्याला चिरतोच. भोक ड्रिलने पाडायचं, बोल्ट घालायचा, शक्य तिथे जोड गाठीजवळ आणायचा. कांडं पोकळ असेल तर बोल्टच्या जागी आत सिमेंटचा माल भरायचा.

आणि एक मनापासूनची सूचना. तुमच्या वाडीत हे पहिलंच काम असेल, तर सुरुवात वर्गापासून करू नका. मुलं दुपारी जेवतात तिथे एक मांडव-छप्पर बांधा, चारी बाजूंनी उघडं. चूल मात्र त्याच्यापासून लांब. गावातल्या सुतारांचा हात बसेल, अधिकाऱ्यांना दाखवायला काहीतरी उभं राहील, दोन पावसाळे काढले की वर्गाचा प्रस्ताव तुम्हाला फारसा समजावून सांगावा लागणार नाही. कुडाळला कोकण बांबू अँड केन डेव्हलपमेंट सेंटर आहे, तिथे २००४ पासून बांबूवर काम होतं. समितीतले दोघं-तिघं आणि गावचा सुतार असे एकदा जाऊन या.

माझी मुलगी तिसरीत आहे. शाळेत बांबूचं वाचनालय बांधणार म्हणतात. मला आगीची भीती वाटते. इतर पालक मला मागासलेली समजतात.
*एक आई, पनवेल*

तुमची भीती योग्य आहे, आणि ती सभेत मोठ्याने मांडा.

तमिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी एका शाळेत आग लागली आणि ९४ मुलं गेली. ठिणगी उडाली माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात, तिथून ती झावळ्यांच्या छपराला लागली. जिना अरुंद होता, मुलं वर अडकली. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या शाळांना अग्निसुरक्षेचे आदेश दिले. बांबूची शाळा बांधणाऱ्या प्रत्येकाला ही घटना माहीत असायलाच हवी, असं मला वाटतं. बांबू जळतो. पोकळ आणि पातळ असेल तर भराभर जळतो.

म्हणून शाळेला हे विचारा. छप्पर गवताचं किंवा झावळ्यांचं आहे का? असेल तर सरळ नकार द्या, कौल हवं. चूल आणि गॅस इमारतीपासून किती लांब आहे? दारं किती? मुलांच्या खोलीला एक दार चालणार नाही, दोन हवीत, समोरासमोर आणि बाहेर उघडणारी. वायरी बांबूच्या अंगावरून मोकळ्या नेल्या आहेत की लोखंडी नळीतून? भिंती बांबूच्या असतील तर दोन्ही बाजूंनी मातीचा किंवा चुन्याचा गिलावा आहे का? गिलाव्याआडच्या बांबूला आग लवकर पोचत नाही. बोरॅक्सच्या (टाकणखाराच्या) प्रक्रियेने बांबू जरा उशिरा पेट घेतो, पण 'आमचा बांबू अग्निरोधक आहे' असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

आणि तळमजला. एकाच मजल्याचं वाचनालय असू द्या, मुलं चार पावलांत अंगणात आली पाहिजेत. या सगळ्याची उत्तरं नीट मिळाली तर मुलीला निर्धास्त पाठवा.

ताई, मी पुण्यात आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. बालीतल्या ग्रीन स्कूलसारखी शाळा सिंधुदुर्गात करायचा माझा प्रकल्प आहे. आपल्याकडे असं काही का होत नाही?
*विद्यार्थी, पुणे*

तुझ्या पत्रासोबतची रेखाचित्रं पाहिली. हात सुरेख आहे. पण तू बालीचा आकार आणलास, आपला बांबू आणला नाहीस.

ग्रीन स्कूल, बांबूच्या इमारतींची ती शाळा, २००८ मध्ये सुरू झाली. तिथली २०२१ ची 'आर्क' ही व्यायामशाळा एकोणीस मीटर रुंदीच्या कमानींवर उभी आहे. तिथे मिळणारा बांबू जाड आणि लांबलचक असतो. सिंधुदुर्गात तुला मिळेल तो माणगा. मनगटाएवढा किंवा त्याहून बारीक, बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव, सरळ. त्याचा खांब एकट्याने उभा राहणार नाही. पण चार-पाच माणगे एकत्र बांधले तर खांब होतो, जवळजवळ लावून छपराचा भार पेलणारी त्रिकोणांची कैची केली तर वर्गाची सात-आठ मीटर रुंदी आरामात झाकता येते. भरीव असल्यामुळे बोल्टही चांगला धरतो. म्हणजे तुझी शाळा मोठ्या कमानींची नाही, बारीक काड्यांच्या जाळीची होईल. आपल्या सुपा-टोपल्या विणणाऱ्या बुरुडांच्या हातात ही भाषा आहे. त्यांच्याशेजारी आठवडाभर बस आणि मग पेन्सिल धर.

बालीपेक्षा बांगलादेशातलं रुद्रपूर पाहा असं मी सांगेन. दिनाजपूर जिल्ह्यातलं ते गाव. तिथे २००५-०६ मध्ये ॲना हेरिंगर आणि आइके रोसवाग यांनी 'मेती' शाळा बांधली. खाली जाड मातीच्या भिंती, पेंढा घालून मळलेल्या. वरचा मजला बांबूचा. गावातल्या लोकांनी बांधली, मुलांचेही हात लागले. त्या मुलखात माती आणि बांबू गरिबाच्या घराचं सामान समजलं जायचं. फरक पडला तो तीन साध्या गोष्टींनी: विटांचा पाया, मातीत पाणी चढू न देणारा थर, आणि बांबूचे नीट विचार केलेले जोड. छताला आणि दारांना रंगीत साड्या लावल्या आहेत. २००७ साली या शाळेला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट: तिथेच शिकलेल्या हातांनी गावात नंतर आणखी इमारती उभ्या केल्या. तुझ्या प्रकल्पात बांधकाम संपल्यावर गावाकडे कोणतं कौशल्य उरतं, याचं एक पान घाल.

'आपल्याकडे का होत नाही' हे मात्र खरं नाही. मेळघाटात धारणीजवळ लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्र आहे. सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी कोरकू लोकांमध्ये राहून ते उभं केलं. पुण्याहून बालीपेक्षा जवळ आहे, रेल्वे आणि एसटीने जाता येतं.

आमच्या भागात ना जांभा ना बांबू. स्थानिक सामानाने शाळा बांधा म्हणता, आमच्याकडे स्थानिक म्हणजे दगड-माती. त्याच दगड-मातीने १९९३ ला माणसं मारली.
*निवृत्त शिक्षक, औसा तालुका*

सर, तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याला मी नमस्कार करते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जे झालं ते सांगायचा अधिकार तुमचा.

जे सामान जवळ मिळतं ते आपोआप चांगलं ठरत नाही, हे तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर. त्या घरांत दोन गोष्टी घातक ठरल्या. डोक्यावर मातीचं जड माळवद होतं, आणि दगडी भिंती दोन सुट्या पापुद्र्यांच्या होत्या, मध्ये नुसती भर. हादरा बसला तशी भिंत मधून फुगली, फाटली आणि माळवद खाली आलं. दगड वापरायचाच तर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतराने हवेत, जोत्यावर, खिडकी-दाराच्या वर आणि छपराखाली असे सलग काँक्रीटचे पट्टे चारी भिंतींभोवती फिरायला हवेत, आणि छप्पर हलकं. सिमेंट घालून यंत्रात दाबलेल्या मातीच्या विटाही होतील, पण तुमची काळी माती त्याला चालत नाही, ती ओली झाली की फुगते. मुरमाड माती आणि वाळू लागेल.

हलक्या छपरासाठी बांबूचा विचार जरूर करा. कोलंबियात १९९९ च्या भूकंपात कॉफीच्या मळ्यांच्या भागातली बांबूच्या सांगाड्याची, वरून गिलावा केलेली कुडाची घरं बऱ्याच विटांच्या घरांपेक्षा चांगली टिकली. पुढे त्यांच्या भूकंप-संहितेत त्या पद्धतीला जागा मिळाली. मराठवाड्यातही आता बांधांवर बांबू लावला जातोय. पण आधी पट्टे, मग बाकी सगळं.

कुडाच्या भिंतीत उंदीर आणि त्यामागे साप येतात. मुलांच्या खोलीला कूड कसा चालेल?
*वाचक, पेण*

खालचे तीन फूट चिरा किंवा वीट घ्या, कूड त्याच्यावर. बांबूची उघडी तोंडं सिमेंटच्या मालाने बुजवा. गिलाव्याला भेग गेली की त्याच आठवड्यात लिंपा. उंदीर भेगेतून शिरतो, कुडातून नाही.

माझ्याकडे माणग्याची बारा बेटं आसत. गावच्या शाळेक बांबू फुकट देऊचो आसा. आमचो आजो सांगायचो, अवसेक तोडलेलो बांबू किडत नाय. खरा काय? आणि तोडूक परवानगी लागता काय?
*शेतकरी, कणकवली तालुका*

काका, तुमच्या पत्राने मला फार बरं वाटलं. परवानगीचं सोपं आहे: २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात बदल झाला आणि वनाबाहेरच्या जमिनीतला बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. तुमच्या खासगी जमिनीतला बांबू तुमचा.

आजोबांचं म्हणणं मी मोडणार नाही. अवसेला तोडा, त्यात नुकसान काही नाही. पण तिथीपेक्षा ऋतू मोठा. पावसात कधीही तोडू नका, नवे कोंब मोडतात आणि बांबू पाण्याने भरलेला असतो. दिवाळीनंतरची पहिली-दुसरी अवस धरा, म्हणजे दोन्ही साधेल.

त्याहून महत्त्वाचं वय. बांबू पहिल्याच पावसाळ्यात पुरी उंची गाठतो, म्हणून तो तयार दिसतो, पण तो पोरच असतो. चौथ्या वर्षाकडे झुकलेला हवा. कोवळ्याच्या गाठींवर अजून सोपट (कांड्यावरचं सुकं वेष्टन) असतं, अंग गुळगुळीत हिरवं. जून बांबू फिकट पडलेला, अंगावर पांढरट डाग, कोयत्याच्या पाठीने ठोकला तर टणक वाजतो. तो बेटाच्या आतल्या बाजूला असतो, काढायला त्रासाचा, आणि म्हणून तोडणारे कडेचा कोवळा तोडून देतात. तिथे तुम्ही स्वतः उभे राहा. जमिनीपासूनच्या पहिल्या-दुसऱ्या गाठीच्या लगेच वर तोडा, खाली वाटीसारखा भाग ठेवू नका, त्यात पाणी साचून मूळ कुजतं.

पूर्वी लोक बांबू वहाळात, म्हणजे ओढ्यात, दाबून ठेवायचे, महिनाभर तरी. त्याने पिष्ट धुऊन जातं आणि किडीचं खाद्य कमी होतं. शाळेसाठी मी त्यावर थांबणार नाही. शंभर लिटर पाण्याला दोन किलो बोरिक ॲसिड आणि तीन किलो बोरॅक्स, जाड ताडपत्री घातलेल्या चरात बांबू पूर्ण बुडवून ठेवायचे. माणगा भरीव, त्यात औषध सावकाश मुरतं, म्हणून दोन आठवडे तरी द्या. कांड्यांना बारीक भोकं पाडून घेतली तर आतपर्यंत जातं. चराला कुंपण हवंच, गुरं ते पाणी पिता कामा नयेत, आणि उरलेलं पाणी विहिरीकडे किंवा वहाळात सोडायचं नाही. हे औषध पावसाने धुऊन निघतं, तेव्हा हा बांबू छपराखालीच वापरायचा.

बाहेर काढल्यावर बांबू सावलीत, भिंतीला टेकवून उभे ठेवा, बुडाखाली चिरा घालून. आडवे रचले तर वाकतात, उन्हात ठेवले तर तडकतात. शाळेच्या खोलीसाठी नेमके किती लागतील ते नकाशा पाहिल्याशिवाय सांगत नाही. नकाशा असेल तर अश्विनातच पाठवा, म्हणजे तोडायच्या आधी आकडा तुमच्या हातात असेल.